चाळणीखालचे जीव

मेडशीच्या फाट्यावर अकोल्याची एसटी उशिरा आली, त्यामुळे माझा निरोप लांबला. बस वेळेवर आली असती तर मायने डोळ्याला पदर लावला असता, बाबांनी बॅग वर चढवली असती आणि संपलं असतं. पण बस येईना, आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या मंडळींना आयता विषय मिळाला.

“कोठी चालली पोट्टी?” टपरीवाल्या गजाननकाकांनी विचारलं.

“जर्मनीले,” बाबा म्हणाले.

“काय शिकाले?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सांगता येत नव्हतं असं नाही, त्यांना सांगायचं नव्हतं. मग मीच सांगितलं. समुद्रात फार पूर्वी एकाच पेशीचे जीव होते, अजूनही आहेत. ते स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतात. जीव मरतो, कवच तळाच्या गाळात राहतं, गाळाचा दगड होतो. त्यातल्या नामशेष झालेल्या जिवांची कवचं पाहून कोण कोणत्या कुळातलं, कोण केव्हा आलं आणि केव्हा संपलं, हे लावायचं. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

“समुद्र तं आपल्याइथं नाई,” गजाननकाका विचार करून म्हणाले, “अन् जीव तं मेलेले. मंग तू कराले काय चालली वं बाप्पा?”

सगळे हसले. खरं सांगायचं तर प्रश्न चांगला होता, आणि दुसऱ्या कोणाला विचारला असता तर मीही हसले असते. पण बाबा हसले नाहीत. ते रस्त्याकडे तोंड करून बस दिसते का ते पाहत राहिले. बस आली तेव्हा त्यांनी बॅग वर टाकली, आणि मी खिडकीशी बसल्यावर एवढंच म्हणाले, “हात लावल्याबिगर बोलायचं नाई, अन् हात लावला तं मंग गप बसायचं नाई.” हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. आमच्या घरात मुलांना पाढे शिकवावेत तसं ते आम्हाला शिकवलं गेलं होतं.

बाबा विहिरी खोदायचे. आमच्या भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. माती टिकावाने निघते, मुरूम पहारीने, पाषाणाला सुरुंग लावावा लागतो. तालुक्यातल्या कितीतरी विहिरींच्या तळाशी बाबा उतरलेले आहेत. मी नागपूरला भूशास्त्र घेतलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे दगडाचं शिकलेली मुलगी पाणी शोधणार होती. सरकारी गाडीतून उतरणार आणि विहीर इथं घ्या म्हणून बोट दाखवणार. त्यांनी जन्मभर दुसऱ्याने बोट दाखवलेल्या जागी खोदलं होतं. आता बोट घरातलं असणार होतं.

मग एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटभर गाळ पसरला आणि म्हणाल्या, बघ. मी पाहिलं. कोणी फुग्यांचा घोस असावा तसं, कोणी चकलीसारखं, कोणी वेणी घातल्यासारखं. एका पेशीला ना मेंदू, ना हात, ना डोळे, आणि तिने असलं घर बांधलेलं! कप्प्याला कप्पा जोडत, प्रत्येक नवा कप्पा आधीच्यापेक्षा जरा मोठा. मी त्या नळीवर वाकले ते आजतागायत वाकलेलीच आहे. पाणी बाबांच्या स्वप्नातच राहिलं.

“पान्याचं शिकली असती तं गावाच्या कामी आली असती,” ते म्हणाले होते. “हे मेलेले जीव कोनाच्या कामी येते?”

याचं उत्तर मला आता सुचतं, आणि ते जरा तिखट आहे. पाटलांचा मुलगा पुण्याला गिटार शिकायला गेला तेव्हा टपरीवर कोणी विचारलं नव्हतं की हे कोणाच्या कामी येणार. गावाच्या कामी यायची अट आमच्या वस्तीतल्या पोरांनाच का? आम्ही शिकायचं ते फक्त गरज म्हणून, आवड म्हणून नाही, असं कोणी ठरवलं? माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी कोणाच्या सोयीचा विचार केला नव्हता. दुसऱ्याने चिकटवलेलं लेबल त्यांनी काढून फेकलं आणि चालत घरी आले. त्या म्हाताऱ्याची मी नात आहे. मला आवडलं म्हणून मी शिकले, एवढं कारण मला पुरतं, आणि माझ्यानंतर बाहेर पडणाऱ्या पोरींनाही पुरावं असं मला वाटतं.

मी पोचले ते ब्रेमेन हे गाव पाण्याच्या काठी आहे. इथं लोक सकाळ असो की संध्याकाळ, एकमेकांना “मॉइन” म्हणतात, आणि त्यापुढे बोलायचं काही राहिलेलं नसतं. मी मेडशीची. आमच्याकडे रस्त्यात माणूस भेटला तर कोठून आला, कोठी चालला, काय जेवला, पोरीचं जमलं का, इतकं झाल्याशिवाय पाय निघत नाही. पहिला हिवाळा मला त्या एका शब्दावर काढावा लागला. दुपारी चारला अंधार. जेवण म्हणजे ब्रोट, इथला गार पाव, आणि त्यावर चीजची चकती. आफ्रिकन दुकानात ज्वारीचं पीठ सापडलं त्या दिवशी मी इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी केली. ती फुगली नाही, कडेने करपली, तरी मी ती उभ्याने खाऊन टाकली आणि खाताना रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. जे गावात राहिलेत त्यांना वाटतं आम्ही तिकडे मजेत आहोत, आणि जे बाहेर गेलेत ते आपसात रडण्याबद्दल बोलत नाहीत. दोघांनाही कळू द्या.

आता बोलते कामाबद्दल, कारण माझी सगळी भांडणं तिथेच झाली.

समुद्राच्या तळाला नळी ठोकून गाळाचा लांब दंडगोल वर काढतात. असे हजारो दंडगोल आमच्याकडे थंड गोदामात रॅकवर निजवलेले आहेत. खालचा थर जुना, वरचा नवा, विहिरीसारखंच. मी ज्या काळावर काम करते तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दंडगोलात तिथं बोटभर जाडीचा एक काळपट थर येतो. त्याच्या खाली मोठी, नक्षीदार, कंगोरेदार कवचं गच्च भरलेली. त्याच्या वर जवळजवळ काही नाही. डायनासोर गेले ते तेव्हाच. कोणी म्हणतात आकाशातून दगड आदळला म्हणून, कोणी म्हणतात त्या सुमारास जमिनीतून लाव्हा उतू गेला त्याचाही हात होता. हा लाव्हा म्हणजे आमचाच काळा पाषाण, बाबा ज्याला सुरुंग लावत तो. माझे मार्गदर्शक प्रोफेसर क्लाऊस पहिल्याच आठवड्यात हसून म्हणाले, तुझ्या गावाने माझे जीव मारले. मी म्हटलं, पुरावा दाखवा, उगाच माझ्या गावावर आळ घेऊ नका. ते खूश झाले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

काम असं. गाळाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, विरघळला की चाळणीवर नळाखाली धुवायचा. चाळणीवर कवचं राहतात, खालून माती वाहून जाते. चाळणीची जाळी केसाएवढी बारीक असते आणि कोणी कोणती चाळणी वापरायची हे ठरून गेलेलं असतं. सगळ्यांनी एकच वापरली तर जगभरातली मोजणी एकमेकांशी ताडून पाहता येते. वरचं वाळवायचं, काळ्या ताटलीत पसरायचं, भिजवलेल्या बारीक ब्रशाच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. खालचं फेकायचं.

मी ते फेकलं नाही.

याला तिथं सगळे माझी चूक म्हणत, आणि नियमाप्रमाणे ती चूकच होती. चाळणीखालचं गढूळ पाणी मी बादलीत धरायचे, निवळू द्यायचे आणि तळाला बसलेला गाळ काचेच्या बरण्यांमध्ये भरून ठेवायचे. फडताळ भरलं. मग खिडकीची कड भरली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ऊटेबाईंनी दोनदा विचारलं की हे काय आहे. मी म्हटलं, चाळणीखालचं. त्या म्हणाल्या, ते तर कळतंय, पण कशाला?

कशाला, हे मला इंग्रजीतून सांगता येईना. आमच्याकडे तूर निघाली की शेतकऱ्यांच्या अंगणात डाळ करायचं काम निघतं. तूर जात्यावर भरडायची, मग चाळायची. वर राहते ती डाळ घरवाल्यांची. मधली चुरी त्यांच्या गायीची. अगदी खाली पडतो तो बारीक भुगा, कळणा म्हणतात त्याला, तो भरडायला आलेल्या बायांचा. माय तो पदरात बांधून आणायची. ज्वारीच्या पिठात कळणा घालून भाकरी थापायची, जराशी पिवळसर, तिखटाबरोबर बरी लागते. मी त्यावर वाढले. आता कोणी लगेच मायच्या कळण्याला मखरात बसवू नये. ती तो हौसेने आणत नव्हती, वरचं तिला मिळत नव्हतं म्हणून आणत होती. अंगणाच्या कोणत्या कोपऱ्यात बसायचं हेही तिला सांगितलेलं असे. मी एवढंच म्हणते की जिच्या पोटात चाळणीखालचं गेलं आहे तिचा हात नळ सोडून ते मोरीत घालवायला धजत नाही. यात शहाणपण नाही. सवय आहे, आणि थोडा रागही आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बर्फात रस्ता बंद झाला, बाहेरून यायचे ठरलेले नमुने आले नाहीत, आणि मी रिकाम्या हाताने बसण्याऐवजी एक बरणी उघडली. काळपट थराच्या लगेच वरचा गाळ. चाळणीवर त्यात मला काहीही मिळालेलं नव्हतं. चाळणीखालचं काळ्या ताटलीत शिंपडलं, सूक्ष्मदर्शकावर वाकले, आणि बाप रे! ताटली भरली होती. इवली इवली कवचं, कप्प्यांच्या दोन ओळी एकाआड एक गुंफलेल्या, शाळेत माय माझी वेणी घालायची तशा. खालच्या थरात या दोन ओळीवाल्यांची मोठी भावंडं होती. पुस्तकाप्रमाणे ती काळ्या थराच्या वेळीच सगळी संपली. मग ही वर काय करत होती?

प्रोफेसरांनी शांतपणे पाहिलं आणि शांतपणेच सांगितलं. जर्मनमध्ये याला शब्द आहे, उमगेलागर्ट. म्हणजे जुन्या थरातून उचकटून, वाहत येऊन नव्या थरात पडलेलं. मेलेलं कवच कुठंही वाहून जातं. म्हणून ते तिथं सापडलं तरी तिथलं धरत नाहीत. त्यांनी आयुष्यभर केलेल्या तक्त्यात काळ्या थराच्या वर दिसलेलं प्रत्येक जुन्या घाटाचं कवच त्यांनी याच रकान्यात टाकलं होतं. ही दोन ओळीवाली त्यातच टाक, ते म्हणाले, तक्ता पुरा होईल, लेख जाईल, तुझा नोकरीचा करारही वाढवता येईल. न वाढला तर मला व्हिसा संपायच्या आत परत जावं लागणार होतं.

म्हणजे एवढंच करायचं होतं. एका रकान्यावर खूण.

मी दोन दिवस काहीच केलं नाही. कवचं म्हणजे माणसं नव्हेत, हे मला पक्कं माहीत आहे. कोणी मला म्हणालं की तुला त्या जिवांमध्ये तुझी वस्ती दिसली, तर मी त्याला दार दाखवीन. विज्ञानात असलं रडगाणं चालत नाही, आणि चालूही नये. पण एक गोष्ट मला खटकत होती. त्यांना हात कोणीच लावला नव्हता. चाळणीतून पडून मोरीत जाणाऱ्या जिवांबद्दल सगळ्यांचं मत तयार होतं. हात न लावता बोलायचं नाही, हे मी मेडशीच्या फाट्यावरून घेऊन आले होते. मी गेले आणि सांगितलं, खूण करणार नाही.

“मग सिद्ध कर,” ते म्हणाले. चिडून नव्हे. करार वाढवतो असं मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

सिद्ध कसं करायचं? पहिला आरोप असा येणार की नमुने एकमेकांत मिसळले. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. दर नमुन्यानंतर आम्ही चाळणी निळ्या रंगात बुडवतो. आधीचं एखादं कवच जाळीत अडकून राहिलं तर ते निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात चटकन ओळखू येतं. माझ्या ताटलीत निळं एकही नव्हतं. दुसरा आरोप खरा होता, वाहून आल्याचा. तिथं कवचाचा स्वभाव कामाला आला. हे जीव कवच बांधतात ते ज्या पाण्यात जगतात त्याच पाण्यातून. तेव्हाच्या समुद्राचा गुण चुन्यात उतरतो आणि तिथंच राहतो. त्या संकटानंतर समुद्राचं पाणी बदललं होतं, त्यातल्या कार्बनचं माप वेगळं झालं होतं. ही वेणीवाली जुन्या पाण्यात मेली असती आणि नंतर वाहून वर आली असती, तर त्यांच्या चुन्यात जुनं पाणी निघालं असतं. नवं पाणी निघालं तर ती नव्या समुद्रात जगली, वाढली, तिथंच मेली.

पण ते मोजणारं यंत्र एक कवच घेत नाही. त्याला वजन लागतं, आणि ही कवचं इतकी हलकी की शिंक आली तर महिन्याचं काम उडून जाईल. मी ती ब्रशाने वेचत गेले. थंडी गेली, नदीकाठची झाडं फुलली, लोक अर्ध्या कपड्यांत हिरवळीवर पडू लागले, मी वेचतच होते. मान आखडली. मायला व्हिडिओवर दिसायचं ते माझं डोकं, कारण तिच्याशी बोलतानाही मी वाकलेली असायचे.

“काहून वं एवढं?” ती म्हणायची. “दे ना सोडून. घरी ये, मी भाकर टाकतो.”

“माय, मी सोडलं तं ते सगळे वाहून आलेलेच ठरतीन.”

“कोन?”

आता हे कसं सांगावं! तिला मी समजावत बसले नाही. पण तिने ते शब्द कुठेतरी धरून ठेवले असावेत, कारण पुढे सोडून दे म्हणाली नाही. नुसतं विचारायची, “झाले का वेचून?”

ऊटेबाईंनी यंत्राची वेळ मिळवून दिली. आकडे आले तेव्हा त्याच माझ्या शेजारी उभ्या होत्या. कवचातलं पाणी नवं होतं. पुन्हा मोजलं, वेगळ्या दंडगोलातली कवचं घेऊन मोजलं, तरी नवंच. मी टेबलावर असा हात मारला की ऊटेबाई दचकल्या. मग त्यांनीही मारला.

प्रोफेसरांनी शंका काढली की वर नंतर चुन्याचा लेप चढला असेल, मोजलं गेलं ते लेपाचं माप. मी कवचं फोडून त्यांचे फोटो काढले, भिंती कोऱ्या होत्या, छिद्रं उघडी होती. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिले. शेवटी म्हणाले, मला अजून पटलेलं नाही, पण तू खोटं बोलत नाहीस, हे लेख म्हणून जाऊ दे, फक्त माझं नाव त्यावर नको. मी म्हटलं, ठीक आहे, माझं एकटीचं घालते. मोठ्या नावाशिवाय लेख पाठवणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे.

लेख दोन ठिकाणांहून परत आला. एकाने लिहिलं की धाडस आहे, दुसऱ्याने लिहिलं की उद्धटपणा आहे. मी दोन्ही मान्य करून तिसरीकडे पाठवला. तो छापला गेला. त्यात मी त्या वेणीवाल्यांना खालच्या थरातल्या भावंडांपासून वेगळं काढून नवी प्रजाती म्हणून नोंदवलं आहे. निम्मे लोक मानतात, निम्मे नाही. ज्यांना मानायचं नाही त्यांनी निदान चाळणी बदलून पाहावी, मग बोलू. करार वाढला नाही तो नाहीच. मी त्याच गावात, दंडगोलांच्या गोदामात नोकरी धरली. हुद्दा लहान आहे. नमुने कापते, धुते, आलेल्या गेलेल्याला काढून देते, आणि उरलेल्या वेळात आपलं काम करते. नव्याने आलेल्या मुलांना मी एकच गोष्ट सांगते की खालचं फेकायच्या आधी एकदा मला विचारा. प्रोफेसर भेटले की मॉइन म्हणतात, मीही मॉइन म्हणते. या शब्दाचा उपयोग मला आता कळला आहे.

मागच्या तुरीच्या दिवसांत मी मेडशीला गेले होते. फाटा आता ओळखू येत नाही, रस्ता रुंद झाला, टपरीचं हॉटेल झालं. माझ्या बोलण्यात अधूनमधून “याऽ, गेनाऊ”, म्हणजे “हो, बरोबर”, यायला लागलं आहे, त्यावर चुलत बहिणी मला चिडवून चिडवून थकल्या. आणि मी ब्रेमेनला परतल्यावर पहिले दोन दिवस ऊटेबाईंना “काहून” म्हणते, तेव्हा त्या चिडवतात. पूर्वी मला हे दोन्हीकडून टोचायचं. मेडशीत पाहुणी आणि ब्रेमेनमध्ये परकी, असं स्वतःलाच सांगत मी काही वर्षं फार दुःखी राहिले, आणि ती वर्षं फुकट गेली असं आता वाटतं. घर म्हणजे जिथून निघालो ती जागा, हे जितकं खरं, तितकंच जिथं आपण रोज ताट धुतो आणि भांडणं अंगावर घेतो ती जागाही घरच. दोन्ही माझी आहेत. कोणाला वाटलं त्यातलं एक निवडावं, तर वाटू दे.

निघायच्या आदल्या दिवशी अंगणात बाबा बाजेवर बसले होते. आता ते विहिरीत उतरत नाहीत, गुडघे गेले. माय भाजी निवडत होती. मी मोबाईलवर त्यांना कवचाचा मोठा केलेला फोटो दाखवला.

“वेनी घातल्यावानी दिसते,” माय म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

बाबांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, मग जवळ आणला. “हे मेलेलं जे कोनाच्या कामी येत नाई, ते हेच का?”

“हेच.”

“नाव ठेवलं असन तुनं काही.”

“इन्कोला. लॅटिन आहे. म्हंजे रहिवासी. दुसरीकून वाहून आलेली नाई, तिथंच राह्यनारी.”

बाबा एकदम हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना फार दिवसांनी पाहिलं. “म्हंजे तू तिले रहिवासी दाखला देल्ला!” त्यांनी मायला हाक मारून सांगितलं, “आयकलं का वं? समुद्रातल्या किड्याले दाखला काढून देल्ला इनं!”

मीही हसले. मग हसता हसता त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. कधी येतं वापस, हे ते दर वेळी विचारतात, त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

“अन् तुले?” ते म्हणाले. “तुले तिथचा कोनं देल्ला?”

“कोन देईन, बाबा? मी राहून राह्यली ना तिथं.”

त्यांनी मान हलवली. मायचे हात भाजीवर थांबले होते. वर न पाहता तिनेच विचारलं, “अन् इथचा?”

“इथचा?” मी म्हटलं. “इथचा कोनी रद्द करून तं दाखवा.”